पुढची जागा

"आणखी एक दिवा? गाडी आहे का गौरीपुढची आरास!" चंद्राबाई पुटपुटली. तिचा धाकटा भाऊ खंडोजी गाडीखाली उताणा पडून नट आवळत होता. ऐकायला तेवढा एकच.

"दाजींनी सांगितलं, मी बसवला," तो खालूनच कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाला. "अक्का, स्वल्प तो पाना दे."

तिनं पाना दिला.

लष्कराच्या लिलावातली ती जुनी पिकप खंडोजीनं तीन आठवडे खपून डोंगरात जायजोगी केली होती. स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवून ती वीतभर उचलली. ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सरला नळी जोडून तिचं तोंड टपाच्या वर काढलं. जाड नक्षीचे टायर, चिखलासाठी साखळ्या, फावडी, दोर, जॅकखाली ठेवायची फळी, चढावर चाकामागे लावायचे लाकडी ठोकळे, सगळं जागच्या जागी बांधलेलं. कोळ्ळेगालच्या पुढं रस्ता संपतो तिथून वर, विजेच्या खांबांची आखणी करणाऱ्यांना घेऊन जायचं होतं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. ती दरी चंद्राबाईनं पाहिली नव्हती, पण गेले आठ दिवस भाकरी थापतानाही ती तिच्या डोळ्यांपुढं होती.

सकाळी आठाच्या ठोक्याला आखणीचे प्रमुख भीमाचार्य चार माणसं घेऊन कलासिपाळ्याच्या शेडपुढं हजर झाले. त्यांनी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली.

"बॉनेटच्या कडेला हा पांढरा पट्टा कसला?"

"धुक्यात कड कळावी म्हणून," चंद्राबाईचा नवरा नागनाथ म्हणाला. खाकी कपडे इस्तरीचे, मान ताठ. तीस वर्षांचा ड्रायव्हर.

"आणि पुढं दोन टोकांना हे बांबू? लाल फडकी बांधलेले?"

"झाडीतनं गाडी मावते का नाही, लगेच समजतं."

"अरे वा, काचही आडवी पडते!"

"धूळ बसते काचेवर. मग दिसत नाही, आचार्य."

खंडोजीनं तोंड फिरवलं. चंद्राबाईनं हातातल्या डब्याचं घट्ट लागलेलं झाकण काढून पुन्हा लावलं.

"एवढी तयारी केलेला ड्रायव्हर मी पाहिला नाही," भीमाचार्य खूश होऊन म्हणाले.

त्यातलं डोंगरासाठी काय आणि कशासाठी काय, ते चंद्राबाईला ठाऊक होतं. आज सकाळीच नागनाथनं चहा बशीच्या शेजारी ओतला होता, आणि तिनं तो न बोलता पुसला होता. वर्षभर ती गाडीत त्याच्या शेजारी बसायची. "म्हैस आली, हळू. डावीकडं खड्डा आहे. आता उजवीकडं घ्या, अहो, घ्या की!" लोक म्हणायचे, बिचारा नागनाथ, बायकोच्या तोंडाला विसावा नाही. तोही चारचौघांत तिच्यावर डाफरायचा आणि गाडी बरोबर उजवीकडं घ्यायचा. घरी मात्र यावर दोघांत चकार शब्द झाला नव्हता.

डोंगरातही तसंच ठरलं होतं. चंद्राबाई पिठाचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या जागेवर चढून बसली.

"ह्या कुठं?" भीमाचार्यांनी विचारलं.

"घरचंच माणूस," नागनाथ म्हणाला. "तुम्हा सगळ्यांचं रांधायला."

"अय्यो! आधी विचारायचं नाही का? मी परान्न घेत नाही. माझं मी शिजवतो. आणि ही माणसं नाचणीचं पीठ बांधून आली आहेत, त्याचे उकडलेले गोळे, मुद्दे, त्यांचे ती करतील." ते हसले. "बाईंना कशाला त्रास? नकाशा घेऊन पुढं मला बसायला हवं."

बसवनगुडीच्या सोवळ्या आचार्यांना मराठ्याच्या घरची स्वयंपाकीण! तीन डोकी तीन आठवडे खपली आणि एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

"मग अक्का मागं बसेल," खंडोजी घाईनं म्हणाला. लगेच त्याचं त्यालाच कळलं आणि तो ओशाळला. "नाही, मागं तिला गाडी लागते. पुढंच बरी."

"पण न्यायचंच कशाला?"

उत्तर तिघांकडंही होतं.

चंद्राबाई उतरली. भीमाचार्य चढले, नकाशा मांडीवर पसरून त्यात बोट फिरवू लागले. मागं चार माणसं बसली. त्यातल्या एकानं घरी सोडून आलेल्या पोराची काहीतरी गंमत सांगितली आणि बाकीचे हसले.

"ठोकळे काढ रे," नागनाथ म्हणाला.

खंडोजीनं काढले.

इंजिन सुरू झालं. चंद्राबाई चालत चालत गाडीच्या पुढं गेली आणि दहा पावलांवर, लख्ख उन्हात, तोंड गाडीकडं करून उभी राहिली.

नागनाथ सरळ तिच्याकडंच बघत होता. क्षणभर तिला वाटलं, दिसले मी. आता ओरडतील, चारचौघांत काय हा तमाशा म्हणतील. ओरडा हो, एकदा तरी. पाय म्हणत होते, पळ.

नागनाथनं शांतपणे गिअर टाकला. त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. गाडी निघाली.

तिनं डोळे मिटले.

"अक्का!" खंडोजी किंचाळला.

ब्रेक करकचून लागला. रेडिएटरची धग तिच्या पोटाला लागत होती.

"कोण आलं मध्ये?" नागनाथनं विचारलं.

भीमाचार्यांनी नकाशातून मान वर केली. त्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"मी आहे," चंद्राबाई म्हणाली.

नागनाथनं इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून घेतले.

"आचार्य, खाली उतरा," तो म्हणाला. "मला दिसत नाही."