मामाची मांडी

भाच्याचे कान मामाच्या मांडीवरच टोचायचे, म्हणून ग्यानोबा आखडलेला गुडघा सांभाळत मुरुडला बहिणीच्या सासरी पाटावर बसला. दुष्काळात चार दिवस टँकरचं पाणी साठवून सासूबाईंनी भावकी बोलावली होती. सोनारानं तार पुढं केली, तसा ग्यानोबानं त्याचा हात धरला. “लेकराचं माझ्यावानी व्हायला नको. आधी लातूरला रक्त तपासू.” ग्यानोबाचं रक्त वाहिलं की थांबत नसे; गुडघ्यात साचून साचून सांधा गेला होता. बहिणीचं लग्न जमावं म्हणून घरच्यांनी तिच्या सासरी गुडघ्याला बैलानं लाथ मारल्याचं सांगितलं होतं. हा हिमोफिलिया बहिणीतून भाच्यात उतरू शकतो, हे महिन्यापूर्वी लातूरला रक्त गोठवणारं पहिलं फुकट इंजेक्शन घेताना त्याला कळलं. “पाव्हणं, बैलाची लाथ तुम्हाला बसली, लेकराचं रक्त कामून?” सासूबाईंनी विचारलं. खरं सांगू नको म्हणून बहिणीनं नजरेनंच विनवलं. ग्यानोबानं बाळाचे कान तळव्यांनी झाकले. “बैल नव्हताच, मावशी.”