रेस दिली की

मेकॅनिकनं प्लग बदलला, कार्बुरेटर धुतला, टाकीच्या झाकणाचं भोकही मोकळं केलं. उभी असली की गाडी कशी सुतासारखी सरळ. पण रस्त्यावर रेस दिली की जीव सोडायची.

"तुम्हीच चालवा, मी मागे बसतो," गाडीचा मालक म्हणाला. तो मेकॅनिकच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

चढ लागला आणि मेकॅनिकच्या कानातल्या इअरफोनवर बहिणीचाच फोन आला. "दादा, आज जेवायला इकडेच ये ना..."

त्यानं मूठ पिळली. गाडी गुदमरली, आणि बोलता बोलता बहिणीचा आवाजही घोगरा होऊन तुटला. त्यानं मूठ सैल केली तशी गाडी सावरली. कानात बहीण जिवाच्या आकांतानं खोकत होती.

मनाचे खेळ म्हणून त्यानं पुन्हा जराशी पिळली. कानात नुसती घरघर. त्यानं चटका बसल्यासारखी मूठ सोडली.

"दादा, घरात कुणी नाहीये... पण माझा गळा..."

"दाजी, मी गाडी थांबवतोय!"

"का? आत्ता कुठे नस सापडलीय तुम्हाला," दाजी हसले. मागून त्यांचा हात आला, मेकॅनिकच्या मुठीवर घट्ट बसला आणि त्यांनी ती शेवटपर्यंत पिळली.

कानात काहीतरी कडकन मोडलं.

गाडी सुसाट चढ चढू लागली.