उंबरठा

“उंबरठ्याला हात लावायचा नाही,” मिस्त्री दारातच आडवे उभे राहून म्हणाले.

“बाबा, बाजूला व्हा, पायावर पडेल,” थोरला म्हणाला आणि त्यानं छिन्नीवर हातोडा घातलाच. तिसऱ्या घावाला उंबरठा सुटला. घरातला हा चौथा.

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात शेकडो घरांत फरशा बसवल्या होत्या. आता स्वतःच्याच घरात लेकाची आणि लेकीची कारागिरी मुकाट्यानं सोसायची वेळ आली होती. पंधरा दिवसांपूर्वी दोघं रजा टाकून आली ती सिमेंटची पोती घेऊनच. घर जुनं झालंय, म्हणाली, जरा नीटनेटकं करू. कुणी मागितली होती मदत?

बरं, काम तरी धड करावं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत थोरल्यानं मधोमध खरबरीत फरशीचा पट्टा घातला. आजूबाजूला सगळी गुळगुळीत फरशी आणि मध्ये हा पट्टा. मिस्त्रींनी त्यावरून तळवा फिरवला आणि कपाळाला हात लावला.

“हे काम कुणाचं म्हणून कुणी विचारलं, तर माझं नाव सांगू नकोस.”

“हल्ली असंच करतात, बाबा,” लेक म्हणाली.

हल्ली म्हणे सगळी बटणं एकाच उंचीवर लावतात. ओट्याचे कोपरे गोल करतात. पांढऱ्या भिंतींत दारांच्या चौकटी गडद निळ्या रंगवतात. एवढं एक मात्र बरं झालं होतं, चौकटी ओळखू येत होत्या. पण हे मिस्त्री कुणाला सांगणार?

त्यांचा डावा डोळा गेला होता. उजव्यासमोर कुणीतरी दुधी काच धरल्यासारखं झालं होतं. डॉक्टर म्हणाला होता, वर्षभरात तोही जाईल. तो कागद मिस्त्रींनी घडी करून औजारांच्या पेटीत थापीखाली दडपला आणि तोंडाला कुलूप लावलं. कारण थोरला मागंच बोलून गेला होता, एकटं जमेनासं झालं की तुम्ही आमच्याकडे यायचं. त्याचं घर पाचव्या मजल्यावर. तिथं दिवसभर खुर्चीत बसायचं आणि कुणी पाण्याचा पेला हातात देईल म्हणून वाट बघायची. त्यापेक्षा मरण बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून ते पेपर उघडून बसत आणि वेळेवर पान उलटत.

मंगळवारी लेक म्हणाली, “तुमची पेटी पुसून लावलीय. थापी उजवीकडे, ओळंबा डावीकडे. आता तिथंच ठेवत जा.”

ती आत गेल्याबरोबर मिस्त्रींनी पेटीत हात घातला. कागद थापीखालीच होता. त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण जीव फार वेळ भांड्यात राहिला नाही. संध्याकाळी लेक अंगणात फोनवर बोलत होती आणि मिस्त्रींचे कान अजून शाबूत होते.

“बाबांना अजून काही बोललो नाही. तुम्ही एकदा येऊन घरात फिरा. तुम्हाला पटलं, की मग सांगू त्यांना.”

म्हणजे पाणी इथं मुरत होतं तर. घर विकायला काढलं होतं, आणि ही सगळी नटवानटवी गिऱ्हाइकासाठी. मिस्त्रींना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पोटची पोरं, आणि विचारायचीसुद्धा गरज वाटू नये? जाब विचारावा, तर चिडून थोरला म्हणायचा, विक्रीचा कागद वाचून दाखवा बघू, आणि डोळ्यांचं बिंग फुटायचं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गिऱ्हाईक आलं. उंच आकृती, हातात काठी. पायानं अधू असावा, मिस्त्रींनी ताडलं. “या, इकडून या,” करत लेक त्याला असं आत घेऊन आली, की जावयाचासुद्धा कुणी एवढा मान राखला नसता.

माणूस मोठा जाणकार निघाला. भिंतीवरून हात फिरवला, काठीनं फरशी वाजवून बघितली. त्या खरबरीत पट्ट्यावरून न्हाणीघरापर्यंत गेला आणि परत आला.

“पट्टा उत्तम बसलाय,” तो म्हणाला.

थोरल्याला हसू फुटलेलं मिस्त्रींना ऐकू आलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सौदा मोडायचाच, त्यांनी ठरवलं.

“छप्पर गळतं,” त्यांनी सुरुवात केली. “उंदीर आहेत. आणि त्या कोपऱ्यातली ओल बघा. दिसतेय ना?”

“नाही दिसत,” पाहुणा म्हणाला.

“नीट बघा. एवढी मोठी आहे.”

“असेलही,” तो शांतपणे म्हणाला. असला चिवट माणूस मिस्त्रींनी जन्मात पाहिला नव्हता.

लेकीनं चहाचे कप आणून टेबलावर ठेवले आणि थोरल्याला घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. दोघंच उरले. आपले डोळे ठणठणीत आहेत हे दाखवायला मिस्त्रींनी एक कप चाचपून उचलला आणि पाहुण्याच्या दिशेनं पुढं केला.

पाहुण्यानं काही तो घेतला नाही. मिस्त्रींचा हात भरून आला, बशीत चहा सांडला. गडी आपला समोर ढिम्म बसलेला.

“घ्या की,” मिस्त्री शेवटी कडाडले. “घर घ्यायला आलात, मग चहानं काय घोडं मारलंय?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“घर घ्यायला नाही आलो हो,” पाहुणा म्हणाला. “डॉक्टरचा कागद पोरांनी मागच्या खेपेलाच पेटीत बघितलाय. डोळे गेलेला माणूस स्वतःच्या घरात एकटा राहू शकेल का, हे तुमच्या पोरांना विचारायचं होतं. मी चौदा वर्षं राहतोय. कप तेवढा टेबलावर वाजवून ठेवा, म्हणजे मला सापडेल.”