बिनपुरुषाचं घर

मडक्यातल्या पेजेला उकळी फुटली आणि झाकणी खडखडली. सामा दचकली. सकाळपासून घरात तेवढाच काय तो आवाज झाला होता.

दारात शेजारची सिवलीमावशी येऊन उभी राहिली. "अजून घरातच? आज शेवटचा दिवस आहे, बाई."

"निघालेच."

मगधाच्या राजाने कलिंग जिंकून दोन महिने झाले होते. ज्या घरात पुरुष नाही, तिथल्या बायकापोरांना उद्या गाड्यांत घालून दूर उत्तरेला न्यायचं, असा हुकूम निघाला होता. तिथे रान तोडून नवी गावं वसवायची होती. मात्र जिला कैद्यांमध्ये आपला नवरा सापडेल, तिने त्याला घेऊन खुशाल आपल्या घरी राहावं.

सामाने पेज उतरवली आणि लेकीला, पुन्नीला, मावशीच्या कडेवर दिलं.

"मी पण येणार!" पुन्नी पाय झाडू लागली.

"उन्हात कशाला? मावशी कवड्या देईल खेळायला."

मावशीने पोरीला घट्ट धरलं. "आणि हे बघ, तिथे तोंड उघडू नकोस. मान खाली."

छावणीत कैदी रांगांनी बसवले होते. सामा दोनदा सगळ्या रांगांमधून फिरली. तिसऱ्या खेपेला पायाला चिंधी बांधलेल्या एका माणसासमोर थांबली. त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

"आलीस?" तो म्हणाला.

सामाला रडूच फुटलं.

मगधाचा अधिकारी पुढे आला. "नाव काय याचं?"

सामाने मान खाली घातली.

"बोल की! काल तिघींनी कशी धडाधड नावं सांगितली."

ती गप्पच. अधिकारी कारकुनाकडे वळून हसला. "ही खरी. कलिंगाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. दोन महिने इथलं पाणी पितोय, एवढंही कळू नये आम्हाला? म्हणून तर त्या तिघींना हाकललं."

त्या तिघींतली एक सामाच्याच आळीतली होती. तिचा नवरा खरोखर तिथे बसलेला होता. भीतीने बिचारीच्या तोंडून नाव निसटलं होतं.

दोरी सुटली. तो लंगडत सामाच्या मागून चालू लागला. प्रत्येक वळणावर ती थांबायची, मग तो वळायचा. गाव दिसलं तेव्हा कुठे सामाने छातीभर श्वास घेतला.

मावशीने दारातच त्याच्या पायांवर पाणी घातलं. "या, टेका आधी. पेज गरम करते."

"गारच द्या, मावशी. घरचं अन्न आहे, तेवढं पुरे."

तो वाडग्यावर वाडगे रिचवू लागला.

"हळू! मगधाचं सैन्य नाही येत हिसकायला," मावशी म्हणाली.

सामा हसली. आपलं हसू तिला कितीतरी दिवसांनी ऐकू आलं. उद्या गाड्या येतील आणि या दारावरून सरळ पुढे जातील. चूल इथेच राहील, पोर याच अंगणात खेळेल.

पुन्नी मघापासून त्या माणसाला निरखत होती. ती हळूच आईच्या मांडीवर येऊन बसली आणि तिच्या कानाशी लागली.

"आई, बाबा आले की मग हे काका कुठे झोपतील?"