चुकीच्या पायांचा घोडा

“पेटवा!” पहारेकऱ्यांचा नायक कुपांत ओरडला. त्याच्या हातात मशाल होती आणि समोर, ट्रॉयच्या वेशीबाहेर, घराएवढा लाकडी घोडा. दहा वर्षं वेढा घालून बसलेले ग्रीक पहाटे गलबतांत बसून निघून गेले होते. मागे एवढंच ठेवून.

“थांब रे जरा,” म्हातारा पियाम म्हणाला. त्याचा सगळा जन्म घोडे शिकवण्यात गेला होता. “याचे मागचे पाय बघ. पुढच्यासारखेच वाकवलेत.”

“बरं मग?”

“अरे, असा घोडा चार पावलांत तोंडावर आपटेल! ग्रीक हलकट असतील, पण त्यांना घोडा कळतो. हा ज्यानं घडवला त्यानं जन्मात घोडा पाहिलेला नाही.”

मागे त्याची लेक मुवत्ती उभी होती. तिचे दिवस भरत आले होते. ग्रीक खरंच गेले असतील तर तिचं बाळ जगणार होतं. नसतील तर काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पियामनं कुपांतच्या हातातली मशाल हिसकावली आणि घोड्याच्या पोटावर थाप मारली.

“कोण आहे आत? बऱ्या बोलानं बाहेर ये.”

पोटाची फळी सरकली. एका मुलीनं डोकं बाहेर काढलं. ती अडखळत बोलत होती, पण कळत होतं.

“आजोबा, ग्रीक गेलेले नाहीत. त्या बेटाआड लपलेत, संध्याकाळी परत येतील. आम्ही तीन हजार वर्षं पुढून आलोय. या पोटातून तिकडे वाट आहे. आमच्याकडे जमीन भरपूर आणि माणसं फार थोडी. चला ना, सगळेच चला.”

“आणि हे असले पाय?”

“आमच्याकडे घोडे उरले नाहीत,” ती ओशाळली. “चित्र बघून केला.”

पियामनं तिचा लाल झालेला चेहरा निरखला. लबाड माणूस एवढा लाजत नाही, हे त्याला पटलं.

“माझ्याकडे तीन आहेत,” तो म्हणाला. “एक घोडी गाभण आहे. चालेल?”

मुलगी रडायलाच लागली.

दिवसभर ट्रॉय रिकामं होत राहिलं. मुवत्तीला सगळ्यांच्या आधी चढवलं. तिला मुलगी झाली, तीन हजार वर्षं उशिरा, पण धडधाकट. कुपांत शेवटी चढला, आणि तोही म्हाताऱ्याला शिव्या घालत.

संध्याकाळी ग्रीक चालून आले. वेस सताड उघडी, चुली कोमट, माणूस एकही नाही. घोड्याच्या पोटातही नुसती पोकळी. चिडून त्यांनी घरं पेटवली, तरी प्रश्न उरलाच.

“दहा वर्षांनी घरी जायचं,” एक सरदार म्हणाला, “आणि बायकोला सांगायचं काय? रिकामं गाव जिंकलं?”

सेनापतीनं घोड्याच्या पोटावर थाप मारली.

“सांगायचं,” तो म्हणाला, “की यात आपण लपलो होतो.”