दुसरी किल्ली

"किल्ली घडव, दार विचारू नकोस. विचारशील, तर उद्या त्या दारात तूच उभा राहशील." बापाचा आवाज कानशीच्या खरखरीतून यायचा. बाप गेला, कानस झिजली. आवाज तेवढा कुलूपवाल्याच्या कानात राहून गेला.

आत्ताही शाळेच्या सभागृहात, मागच्या बाकावर, तो तोच आवाज ऐकत बसला होता. खिशात घडी घातलेली चिठ्ठी होती. पुढे टेबलावर पत्र्याची पेटी, पेटीला पितळी कुलूप.

आमदारबाई मऊ बोलत होत्या. साक्षीदाराचं नाव शेवटपर्यंत झाकून ठेवायचा कायदा त्यांना आणायचा होता. "पण आधी तुमचं ऐकायचंय. जे ठाऊक आहे ते नावानिशी लिहा, पेटीत टाका. किल्ली एकच आहे, आणि ती माझ्यापाशी."

पहिल्या बाकावरून गोदामाच्या पहारेकऱ्याची बायको उठली. "झाकलेली नावं घेऊन मी काय करू, ताई? माझ्या माणसाचं नाव तर पेपरात छापून आलं! गोदामाचं कुलूप फुटलं नव्हतं, म्हणून यानंच चोरांना उघडून दिलं म्हणे. आठ महिने आत आहे. आणि खरं ठाऊक असलेला इथंच कुठंतरी तोंडात गुळणी धरून बसलाय."

कुलूपवाल्याच्या खिशातली चिठ्ठी त्या गोदामाबद्दलच होती. तो उठला. बाकांमधून वाट काढत टेबलापाशी आला.

"या, भाऊ, या. ही बघा," बाईंनी किल्ली त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "दुसरीकडे कुठं मिळायची नाही."

कुलूपवाला माणसांचे चेहरे विसरायचा. किल्लीचे दात कधी नाही. दोन लांब, एक आखूड, शेवटचा तिरका. गेल्याच मंगळवारी हे दात त्यानं कानशीखाली धरले होते. घरच्या कपाटाची आहे म्हणून बाईंचे सेक्रेटरी तशीच दुसरी करून घेऊन गेले होते. तेच आता बाईंच्या शेजारी हसत उभे होते.

"टाका की, काका. मागं रांग लागलीय."

चिठ्ठी अर्धी फटीत गेली होती. कुलूपवाल्यानं ती परत ओढली.

"काय झालं? भरवसा नाही?" बाईंनी विचारलं.

"बाई, या कुलपाला दोन किल्ल्या आहेत. दुसरी मीच केलीय. सेक्रेटरीसाहेबांना."

सेक्रेटरींचं हसू मावळलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं, की आता काय करायचं अशा नजरेनं, ते कुलूपवाल्याला उमगेना.

पहारेकऱ्याची बायको मात्र कुलूपवाल्याकडेच बघत होती. "बरं आहे की, भाऊ! कुणीही यावं, किल्ली न्यावी. आणखी कुणाकुणाला करून दिल्यात, तेही सांगून टाका."

कानस पुन्हा खरखरली. दार विचारू नकोस. पण त्यानं न विचारताच दार येऊन त्याच्यापुढे उभं राहिलं होतं. त्यानं चिठ्ठीची घडी मोडली, पण ती वाचावी लागली नाही.

"गोदामाचीही मीच केली, वहिनी. साबणाच्या वडीवर ठसा घेऊन मालकाचा जावई आला होता. तुमचा माणूस नव्हे."