शंखाचा कान

सुई थांबली. शंखाच्या तोंडाशी चिकटलेला दगडाचा कण म्हणून सून जे काढायला निघाली होती, त्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेषा दिसत होत्या. शंखावर होत्या तशाच. दगडाला वाढीच्या रेषा नसतात.

तिने भोवतालचा दगड हलकेच टोचून दूर केला. जिभेच्या आकाराचा, नखाइतका पातळ पापुद्रा पुढे आला. कान!

ज्युरासिक काळातल्या कित्येक अमोनाइटांच्या, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांच्या, दगड झालेल्या शंखांना असे कान असतात. कानाचा लहान शंख नराचा, बिनकानाचा मोठा शंख मादीचा, असा संग्रहालयातला ठोकताळा होता. हा लहान शंख मात्र सासूबाईंच्या प्रजातीचा, आजवर साफ न केलेला. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी ही प्रजाती वेगळी ठरवली होती, तिला नाव दिले होते, तेही या एकाच खुणेवर: शंख लहान, तरी तोंड गुळगुळीत. कान निघाला की प्रजातीच बाद. शेजारच्या खणातल्या, अगदी याच वळणाच्या मोठ्या शंखाचा हा नुसता नवरा ठरणार.

सासूबाईंच्या नावावर एवढी एकच प्रजाती होती. आणि कान मोडायला सुईचा एक टोचा पुरेसा होता.

"हात का थांबला?"

सासूबाई पाठीशी उभ्या होत्या. संग्रहालयातून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी त्या रोज या खोलीत येत. का येता, हे विचारण्याची कुणाची टाप नव्हती.

"काही नाही, आई. तोंडाशी थोडा दगड राहिलाय."

"मग काढ की! तोंड स्वच्छ हवं. किती वर्षं सांगतेय मी?"

"निघत नाहीये."

"तुला कधी काय निघालंय? सर बाजूला."

त्या बसल्या. भिंग जुळवले. मग भिंगावरून डोळा न काढताच त्यांनी हात पुढे केला. सुनेने सुई दिली. गेला कान, तिला वाटले.

सुई कानाला लागलीच नाही. ती तोंडाच्या पलीकडच्या बाजूला वळली. तिथला दगड कणाकणाने सुटू लागला. सून नकळत वाकली. दोघींची डोकी एकमेकींना टेकली, तरी कुणी मागे सरले नाही.

दुसरा कान निघाला. पहिल्यापेक्षा देखणा.

"असे किती खरवडून टाकले असतील गं मी," सासूबाई म्हणाल्या. "दगड समजून."

"कुणाला कळणार नाही, आई. मी एक अक्षर बोलणार नाही."

सासूबाईंनी मान वर केली. आवाज नेहमीचा झाला.

"बोलणार नाहीस? अगं, आज ना उद्या कुणीतरी हे शोधणारच. माझी चूक परक्यानं काढलेली मला खपायची नाही. आजच शोधनिबंध लिहायला बस. आणि नाव तुझं एकटीचं घाल."